नळाला पाणी नवव्या दिवशी येतं, तोवर पाइपात काय असतं?

शाळेची_घंटा | 4 सप्टेंबर, रात्री 10:20

मंडळी, इथं पाणीपुरवठा आणि आरोग्य खात्यातले बरेच जण आहेत, म्हणून लिहितेय. आमचं मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव आहे, नाव लिहीत नाही. गल्लीत वीस-बावीस घरं. गेल्या बारा दिवसांत त्यातल्या पाच जणांना कावीळ झाली. एक माझी भाची. सातवा महिना चालू आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली. आधी अन्नावरची वासना गेली, मग मळमळ. आम्ही म्हटलं, दिवस गेलेत, होणारच. पाचव्या दिवशी सकाळी तिची आई वेणी घालत होती, उजेडात तिचे डोळे बघितले आणि हातातला कंगवा खाली पडला. हळदीसारखे पिवळे. रक्तात हिपॅटायटिस ई निघाला, घाण पाण्यातून होणारी कावीळ. सध्या जिल्ह्याच्या ठिकाणी ॲडमिट आहे.

आमच्याकडं नळ आठव्या-नवव्या दिवशी सुटतो. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले तर परवाच्या नमुन्याचा कागद दाखवला, "पिण्यास योग्य". कागद खोटा म्हणत नाही मी. सध्या येणारं पाणी खरंच नितळ आहे. मग कावीळ आली कुठून? शेजारच्या काकू म्हणतात पाणीपुरीच्या गाड्यावरून. पण पाचातले दोघं म्हातारे आहेत, उंबरा ओलांडत नाहीत.

नमुना चांगला आणि माणसं आजारी, हे एकाच वेळी कसं? आणि आम्ही गल्लीतल्यांनी शोधायला सुरुवात कुठून करायची?

जुना_आरोग्यसेवक | 4 सप्टेंबर, रात्री 11:05

ताई, आधी भाचीचं बोलतो. मी 31 वर्षं आरोग्यसेवक होतो, त्या अधिकारानं सांगतो. तिला तिथून हलवू नका. हिपॅटायटिस ई बाकीच्यांना बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला तर 20 ते 25 टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात. भीती घालायला नाही लिहीत. कुणीतरी येऊन "झाडपाल्याचं औषध देणारा आहे, तीन दिवसांत उतरवतो" म्हणणारच, म्हणून लिहितोय. हाताला चुना लावून परातीत पिवळं पाणी काढून दाखवतात. त्यानं कावीळ उतरत नाही, दवाखान्यात जायचा वेळ मात्र जातो. झोप वाढली, बोलण्यात असंबद्धपणा आला, कुठून रक्त आलं तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगा.

आता तुमचा प्रश्न. परवाचा नमुना आजचं पाणी सांगतो. काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत हिपॅटायटिस ई ला दोन ते दहा आठवडे लागतात, सरासरी पाच-सहा धरा. म्हणजे तुमच्या भाचीनं जे पाणी प्यायलं ते जुलैच्या मध्यातलं. पटकी म्हणजे कॉलरा असता तर काही तासांपासून पाच दिवसांत कळलं असतं, मुदतीच्या तापाला, म्हणजे टायफॉइडला, एक ते तीन आठवडे. कावीळ फार उशिरा हाक मारते. तोवर पाऊस पडून जातो, नाली वाहून जाते, नमुना चांगला येतो.

तेव्हा गल्लीत सगळ्यांना एकच विचारा: जुलैत काय झालं होतं? खोदकाम, वास येणारं पाणी, गढूळ पाणी, काहीही. वहीत लिहा, तारखेसकट. आणि आजारी माणसांची घरं नकाशावर टाका. 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं तेवढंच केलं होतं. पटकीनं मेलेल्यांची घरं मांडली आणि जवळजवळ सगळी एका हापशाभोवती निघाली. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा त्याला माहीतसुद्धा नव्हता.

सूक्ष्म_नांदेड | 5 सप्टेंबर, सकाळी 7:30

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. वरच्या दादांच्या म्हणण्यात एक भर घालतो. "पिण्यास योग्य" म्हणजे काय, तर आपल्या आयएस 10500 या मानकाप्रमाणे 100 मिली पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. ई. कोलाय माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यातला जंतू आहे. तो दिसला की त्या पाण्यात मैला मिसळला हे नक्की. पण तो दिसला नाही म्हणून विषाणूही नाहीत असं छातीठोक सांगता येत नाही. बरेच विषाणू पाण्यात त्याच्यापेक्षा जास्त तग धरतात आणि क्लोरिनलाही तुलनेनं उशिरा दाद देतात.

शिवाय नमुना कुठून घेतला? टाकीखालच्या नळातून घेतला असेल तर तो टाकीबद्दल बोलतो, तुमच्या गल्लीबद्दल नाही. हे तेवढं कार्यालयात विचारून घ्या.

पाइपलाइनवाला | 5 सप्टेंबर, दुपारी 1:15

ताई, धाग्याच्या नावातच तुम्ही बरोबर प्रश्न विचारलाय. मी पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, संभाजीनगर आणि परभणी दोन्हीकडं काम केलंय. जरा सविस्तर लिहितो.

पाइप भरलेला असतो आणि आत दाब असतो तेव्हा फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. वाया जातं, पण घाण आत येत नाही. व्हॉल्व्ह बंद केला की पाइपातलं पाणी उताराकडच्या घरांत निघून जातं आणि मागं पोकळी तयार होते. आता तोच सांधा बाहेरचं ओढून घेतो. बाहेर काय असतं? आपल्या गावांत पाइप कुठून जातो ते प्रत्येकानं आपापल्या दारात बघावं. नालीच्या कडेनं, नालीच्या खालून, कित्येक ठिकाणी चक्क नालीच्या पोटातून. एक तास पाणी आणि आठ दिवस कोरडा पाइप, म्हणजे आठ दिवस तो नालीचं पाणी पीत बसतो. नवव्या दिवशी पाणी सुटलं की तेच पहिल्या लोटात तुमच्या हंड्यात.

दुसरी गोष्ट खड्ड्यातले नळ. दाब कमी, पाणी वर चढत नाही म्हणून लोक दारात तीन-चार फूट खड्डा करतात आणि तळाशी नळ घेतात, बहुतेकदा तोटीशिवाय. पाणी थांबलं की त्या खड्ड्यात सांडलेलं, पावसाचं, नालीतून झिरपलेलं साचतं, आणि नळाचं उघडं तोंड त्यात बुडलेलं असतं. ते उलटं लाइनमध्ये शिरतं. म्हणजे खड्डा एकाचा, पण पाणी दहा घरांचं खराब होतं. तिसरी टिल्लू मोटार. ती थेट नळाला लावली की फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढत नाही, शेजारच्या नालीचंही ओढते.

हुबळी-धारवाडला काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू केलं आणि बाकी शहरात आधीसारखंच काही दिवसांआड ठेवलं. शुद्धीकरण केंद्रं तीच. तरीही चोवीस तास पाणी असलेल्या भागात नळाच्या नमुन्यांत जंतू कितीतरी कमी निघाले. आपण मराठवाड्यातले लोक फक्त धरणात किती टक्के साठा आहे एवढंच विचारतो. पाण्याचा घात बहुतेक वेळा धरणात होत नाही, शेवटच्या दोनशे मीटरवर होतो.

आता शोधायचं कसं. पाणी सुटायच्या दिवशी ओटी टेस्टची बाटली घ्या, आरोग्य उपकेंद्रात मिळते. नळीत पाणी घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरिन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर क्लोरिन संपलेलं आहे. टाकीकडून सुरू करा आणि घरागणिक पुढं जा. कुठंतरी पिवळा रंग अचानक गायब होईल. क्लोरिन घाणीशी लढताना खर्च होतं, म्हणून त्या दोन घरांच्या मधे काहीतरी आत येतंय असं समजा. तपासलेलं पाणी फेकून द्या, पिऊ नका.

जारवाला_ग्राहक | 5 सप्टेंबर, दुपारी 2:40

आम्ही तर नळाचं पाणी फक्त वापरायला घेतो. प्यायला थंड जार, आरओचा. त्यामुळं निर्धास्त.

सूक्ष्म_नांदेड | 5 सप्टेंबर, दुपारी 3:10

निर्धास्त राहू नका, कळकळीनं सांगतो. सीलबंद बाटलीच्या पाण्यासाठी आयएस 14543 हे मानक आहे. तुमच्या दारात येणारा सुटा जार बहुतेकदा त्या कक्षेबाहेरचा असतो. आरओतून पाणी गेलं की क्षार कमी होतात आणि क्लोरिनही जातं. म्हणजे त्या पाण्याला पुढं राखणदार उरत नाही. जार नीट धुतला नसेल, तोटीला हात लागले असतील, टेम्पोत दिवसभर उन्हात राहिला असेल, तर आत गेलेला जंतू आरामात वाढतो. मशीन वाईट नाही, पण मशीननंतरचा प्रवास कोण बघतं?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गुलेन बॅरी, हातपाय लुळे पडणारा नसांचा आजार) रुग्ण एकदम वाढले ते आठवत असेल. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, तोही दूषित अन्नपाण्यातून येणारा. त्यातलं एक मुख्य ठिकाण तिथलं नांदेड गाव. बातम्यांत "नांदेड" वाचून मला मुंबई-नागपूरहून फोन आले, इकडचं पाणी पिऊ नका म्हणून. आमच्या जिल्ह्याचा संबंध नव्हता. पण मी तेव्हाही म्हणालो, संबंध नाही हे नशीब आहे. आपल्याकडं वेगळं काही चांगलं चाललंय अशातला भाग नाही.

बालाघाटचा_शेतकरी | 5 सप्टेंबर, रात्री 9:00

सगळे शिकलेले आहेत, मी साधं बोलतो. आमच्या वस्तीवर आडाचं पाणी आहे. माझे आजोबा तेच पिऊन नव्वदीपर्यंत जगले. ग्रामपंचायतीचा माणूस पावसाळ्यात टीसीएल, ती क्लोरिनची पावडर, टाकतो, मग आठ दिवस चहाला वास येतो, डाळ शिजत नाही, लेकरं पाणीच पीत नाहीत. बायामाणसं मग ओढ्याच्या झऱ्यावर जातात. असलं औषध काय कामाचं? तुरटी फिरवली तर पाणी कसं नितळ होतं.

जुना_आरोग्यसेवक | 5 सप्टेंबर, रात्री 9:50

दादा, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. चूक पावडर टाकण्यात नाही, टाकायच्या रीतीत आहे. बहुतेक ठिकाणी माणूस पोत्यात हात घालतो आणि दोन ओंजळी आडात फेकतो. त्यानं वास येणारच. वर चुन्याचा गाळ पाण्यात जातो.

हिशोब असा असतो. समजा तुमचा आड 4 मीटर रुंद आणि आत 3 मीटर पाणी. 3.14 गुणिले 4 गुणिले 4 गुणिले 3, भागिले 4. येतात 37.68 घनमीटर, म्हणजे साधारण 37,700 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे 190 ग्रॅमच्या आसपास. ती बादलीत घेऊन थोड्या पाण्यात आधी लापशीसारखी कालवायची, मग बादली पाऊण भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. चुना तळाला बसतो. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं, ती बादली दोरानं आडात खाली सोडायची आणि वरखाली हलवायची. गाळ आडात टाकायचा नाही. अर्धा-एक तास कुणी पाणी शेंदायचं नाही. रात्री केलं तर सकाळी वास जवळजवळ नसतो.

चांगली पावडर म्हणजे 33 टक्के क्लोरिनची. उघड्या पोत्यात, ओलीत, उन्हात पडली की ती उतरते. खडे झालेली पावडर कितीही टाका, वास येईल आणि जंतू मरणार नाहीत.

तुरटीचं म्हणाल तर तिनं गाळ बसतो आणि गाळाबरोबर काही जंतूही खाली जातात. उरलेले जिवंत राहतात. आजीच्या काळात निवळीचं बी घासायचे, त्याचंही तेच. नितळ दिसणं आणि निर्धोक असणं या दोन गोष्टी आहेत. तुरटी जरूर फिरवा, पाणी गाळून घ्या, नंतर क्लोरिन टाका. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळाशीच झुंजत राहतं.

आजोबांबद्दल आदरानं बोलतो. ते नव्वदीला पोचले. त्यांच्या भावंडांतली किती लहानपणी गेली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून बघा. माझ्या आजीची चार लेकरं हगवणीनं गेली. तिला तारखा आठवायच्या नाहीत, नावं आठवायची.

पाइपलाइनवाला | 5 सप्टेंबर, रात्री 10:30

शेतकरी दादा, एक जमिनीचं सांगतो. आपल्याकडं खाली काळा पाषाण, बेसॉल्ट. वाळूतून पाणी झिरपतं तेव्हा गाळलं जातं. पाषाणाच्या भेगांतून ते सरळ धावतं, गाळलं जात नाही. म्हणून बोअर दोनशे फूट आहे एवढ्यावर पाणी शुद्ध मानू नका. केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात घालतात तो पाइप, बहुतेकदा वरच्या मुरुमापुरतं असतं. शेजारी संडासाचा खड्डा किंवा उकिरडा असेल तर भेगांतून ते पाणी बोअरला यायला वेळ लागत नाही. आड किंवा बोअर आणि शौचखड्डा यांत निदान 15 मीटर ठेवा, आणि खड्डा वरच्या अंगाला नको.

बालाघाटचा_शेतकरी | 6 सप्टेंबर, सकाळी 6:10

आज घरी विचारलं. आजोबांची पाच भावंडं लहानपणी गेली. एकाच पावसाळ्यात दोन. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पावडरीचं पोतं बघून आलो. ग्रामपंचायतीच्या खोलीत, पत्रा गळतो त्याच्या बरोबर खाली. दगड झालाय. नवीन मागतो.

लातूरची_लेक | 6 सप्टेंबर, दुपारी 12:00

मला घरातल्या पाण्याबद्दल लिहायचंय, कारण पाइप सुधारला तरी पुढचा घोळ घरात होतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तेव्हा आम्ही घरात जे मिळेल त्यात पाणी भरायचो. ड्रम, पातेली, लेकरांच्या आंघोळीचं टब, पिठाचा डबा रिकामा करून त्यातसुद्धा. वीस-वीस दिवस तेच पाणी. आणि घागरीत तांब्या बुडवायचा तो हातासकट. बोटं पाण्यात बुडाली की पाणी गेलं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात माझा मुलगा, दीड वर्षाचा, तीनदा जुलाबानं दवाखान्यात.

एका नर्सबाईनं घरी येऊन माठ बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "ओगराळं कुठंय?" लांब दांड्याचं ओगराळं आणा, माठावर झाकण ठेवा, ओगराळं भिंतीला खिळ्यावर लटकवा, माठात ठेवू नका. प्यायच्या पाण्याला तोटीचा माठ असेल तर फारच चांगलं. तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यालाही माठाला हात लावू देत नाही. सासूबाईंना आधी राग यायचा, आता त्याच ओरडतात.

जुलाब सुरू झाले तर दवाखान्यात पोचेपर्यंत थांबू नका. ओआरएसची पुडी घरात ठेवा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चहाचा चमचा. मीठ जास्त होऊ देऊ नका. लेकराला चमच्या-चमच्यानं पाजत राहा, अंगावरचं दूधही चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले तरी. आम्ही चौथ्या दिवशी बंद करायचो.

जुना_आरोग्यसेवक | 6 सप्टेंबर, दुपारी 12:40

लेकी, फार चांगलं लिहिलंस. या मीठ-साखरेच्या पाण्यामागं मोठी गोष्ट आहे. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. मी प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा रडलो होतो.

शाळेची_घंटा | 21 सप्टेंबर, रात्री 9:30

उत्तर द्यायला उशीर झाला, दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. भाची परवा घरी आली. बिलिरुबिन (रक्तात कावीळ किती ते सांगणारा आकडा) 11 वर गेलं होतं, आता 3.4 आहे. बाळाचे ठोके व्यवस्थित. अशक्त आहे, पण काल स्वतःहून वरण-भात मागितला.

आता गल्लीचं. आम्ही तिघी बायका आणि नववीतली दोन मुलं, पाचही घरं कागदावर मांडली. सगळी नालीवरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, पलीकडं, उताराला. मोरीच्या अलीकडं एकही रुग्ण नाही. कागद बघताना अंगावर काटा आला.

जुलैत काय झालं ते विचारत फिरलो. दुसऱ्या आठवड्यात जेसीबीनं नाली उपसली होती, हे तिघांनी सांगितलं. त्यानंतरच्या पाळीला पाण्याला वास होता हे सात घरांनी सांगितलं. सगळ्यांनी पहिली दोन भांडी ओतून दिली आणि नंतरचं भरलं. आम्हीही तेच केलं होतं.

12 तारखेला पहाटे साडेचारला पाणी सुटलं. ओटीची बाटली घेऊन बॅटरीच्या उजेडात निघालो. पहिल्या घरी पिवळं, तिसऱ्या घरी फिकट पिवळं, पाचव्या घरी अगदी किंचित. मोरी ओलांडून सहावं घर, नळीत रंगच नाही. सातवं, आठवं, तसंच. आशाताईंनी एचटूएसच्या बाटल्या दिल्या होत्या. पाणी भरून ठेवलं की घाण असेल तर काळं पडतं. एक पहिल्या घरची आणि एक सहाव्या घरची, दोन्ही शाळेच्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहिली होती तशीच, दुसरी शाईसारखी काळी. मुलं बघतच राहिली.

त्या दोन बाटल्या आणि तो कागद घेऊन कार्यालयात गेलो. या वेळी कुणी कागद दाखवला नाही. दोन दिवसांनी मोरीजवळ खोदलं. जेसीबीचा दात पाइपाला लागला होता आणि सांधा सायकलच्या ट्यूबनं गुंडाळून वर माती लोटली होती. ट्यूब कुजलेली, भोवती काळा चिखल. मी हातानं उचलून बघितली, ती तुकड्या-तुकड्यानं निघाली. आता तिथं नवीन तुकडा टाकलाय, नालीच्या वरून, लोखंडी पाइपात घालून.

खड्ड्यातल्या नळांचं मात्र अर्धवट राहिलंय. गल्लीत चौदा खड्डे मोजले. सहा घरांनी नळ वर घेऊन तोट्या बसवल्या. बाकी आठ जण म्हणतात, वर घेतला तर आमच्याकडं थेंब येत नाही, आणि ते खोटं बोलत नाहीत, शेवटची घरं आहेत ती. त्यांना काय सांगू?

पाइपलाइनवाला | 21 सप्टेंबर, रात्री 10:15

ताई, खूप मोठं काम केलंत तुम्ही लोकांनी.

त्या आठ जणांवर चिडू नका. त्यांना सांगा, खड्डा राहू द्या पण आतून सिमेंटचा गिलावा करा, वरून झाकण, आणि नळाला तोटी हवीच. पाणी भरून झालं की तोटी बंद करायची आणि खड्ड्यातलं उरलेलं पाणी मग्यानं उपसून कोरडा करायचा. त्यांच्यासाठी कार्यालयात अर्ज वेगळा द्या: शेवटच्या घरांना दाब मिळावा म्हणून गल्लीला दोन भागांत पाणी सोडा, मधे एक व्हॉल्व्ह. खर्च फार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे करून उघड्या नाल्याच बंद केल्या, ते एकदा जाऊन बघा. नालीच नसेल तर पाइप तिच्यात बुडणार कुठून? फक्त आडापासूनचं अंतर पाळा.

आणि ओटी टेस्ट बंद करू नका. दर पाळीला मोरीपलीकडच्या सहाव्या घरी. मानकाप्रमाणे शिल्लक क्लोरिन लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये.

शाळेची_घंटा | 21 सप्टेंबर, रात्री 10:40

पुढची पाळी मंगळवारी आहे. सहाव्या घरच्या आजींनी बाटली स्वतःकडं ठेवून घेतलीय, देव्हाऱ्याशेजारी. म्हणाल्या, पहाटे मी उठतेच, मीच बघीन.